ओट्यावरची समिती

मुलांनो, आज पुढे वाचण्याआधी एक कागद घ्या. आपल्या घरात किती माणसं राहतात ती त्यावर लिहा आणि प्रत्येकाच्या नावापुढे वय लिहा. सगळ्यांत धाकटं माणूस सगळ्यांत वर, सगळ्यांत थोरलं सगळ्यांत खाली. आजी-आजोबा गावाकडे राहत असतील तर त्यांचीही नावं लिहा, ती काही परकी माणसं नव्हेत. लिहिलंत? आता कागद बाजूला ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

परवा मी पनवेलहून उरणच्या रस्त्याने जासईला निघालो होतो. जासई रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं गाव. मुंबईहून समुद्रावरून येणारा अटल सेतू २०२४ साली सुरू झाला. तो जिथे जमिनीला टेकतो ते चिर्ले गाव जासईच्या जवळच आहे. न्हावा-शेव्याचं बंदरही जवळ, त्यामुळे या रस्त्याला कंटेनरच्या गाड्यांची रांग तुटत नाही. असाच एक लांबलचक ट्रेलर वळण घेत होता म्हणून आमची गाडी वाटेत थांबली. समोर एक घर, घराला ओटा. ओट्यावर एक आजी, आजीच्या मांडीवर दीडेक वर्षाचं बाळ आणि बाजूला अकरा-बारा वर्षांची एक मुलगी. वार मंगळवार, सकाळचे अकरा वाजलेले. मला राहवलं नाही. खिडकीतून विचारलं, "काय गं, आज शाळा नाही का?"

मुलगी नुसती हसली. उत्तर आजींनी दिलं. "आज मना डोल्यांचा औषद आनाला जायाचा हाय. मंग बाल्याला कोन बगल?"

ट्रेलर वळला, गाडी सुटली. पण मुलांनो, त्या एका वाक्याने मी जासईला पोचेपर्यंत गप्प बसलो होतो. कारण तेच वाक्य मी चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरी ऐकलं होतं.

आमचं गावही खाडीकाठचं. गावाचं नाव सांगत नाही, कारण जी गोष्ट सांगतोय ती त्या काळी कितीतरी घरांत घडलेली आहे. जमीन गेलेली, वडील कंपनीत पाळीने जायचे, आई पहाटे पाटी घेऊन मासळी विकायला पनवेलच्या बाजारात. घरात आजोबा होते, त्यांचं उजवं अंग लुळं पडलेलं. धाकटा भाऊ नुकता चालायला लागलेला. मग घरी कोण थांबणार? आमची ताई थांबली. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन दिवस, आणि सातवीची परीक्षा झाल्यावर कायमची. कुणी तिला "शाळा सोड" असं म्हटलं नाही. कुणी काही ठरवलंच नाही. नुसतं तसं झालं. माझी शाळा मात्र चालू राहिली आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. मी संध्याकाळी दप्तर टाकायचो आणि ताईने केलेली भाकरी खायचो.

आता तुम्ही म्हणाल, पूर्वी तर घरात दहा-पंधरा माणसं असत, तेव्हा कोण बघायचं? तेव्हा ओटा बघायचा. म्हणजे ओट्यावर बसलेली माणसं. भातशेती असलेल्या घराचं काम घराच्या आसपासच असे. पेरणी-लावणी, झोडणी-मळणी, नाहीतर जवळचं मिठागर. माणूस कामावर जाई म्हणजे हाकेवर जाई. आजोबा ओट्यावर जाळं विणत बसत, त्यांच्या नजरेसमोर पाच घरांची पोरं खेळत. कुणाचं पोर रडलं तर शेजारची काकू उचलून घेई. म्हाताऱ्यांना पेन्शन नव्हती, पोरांना अंगणवाडी नव्हती, पण कुणी एकटं पडत नसे. सगळं छान होतं असं मात्र नव्हे. बाळंतपणात बायका जायच्या, मुलींना शाळेत घालतच नसत, आणि विधवा बाईला ओट्यावर किती मान असे ते तुमच्या पणजीला विचारा. तरी लहानग्यांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळणारी ती एक बिनकागदाची समितीच होती.

मग १९७० साली सिडको स्थापन झाली. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं. त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या होत्या. पुढे बंदर आलं, ते १९८९ साली सुरू झालं. जमिनीला मिळणारा मोबदला फार तुटपुंजा होता. त्याविरुद्ध उभे राहिले दि. बा. पाटील. ते जासईचेच, जन्म १९२६ चा. वकील, पनवेलचे आमदार, नंतर खासदारही झाले. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला या परिसरात मोठं आंदोलन झालं. म्हातारी माणसं, बायका, कॉलेजची पोरं, सगळी रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळीबार केला. त्या दोन दिवसांत पाच जणांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणासाठी जासईला अजूनही दरवर्षी १६ जानेवारीला लोक जमतात. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची, ही योजना त्या लढ्यातून आली. तुमच्यापैकी जे उरण-पनवेलकडचे आहेत त्यांनी 'साडेबारा टक्के' हा शब्द घरात शंभरदा ऐकला असेल.

जमिनीचा मोबदला मागता येतो, त्यासाठी मोर्चा काढता येतो. पण जमिनीबरोबर ओटाही गेला, त्याचा मोबदला कुठल्या कलमात मागायचा? वडील बंदरात पाळीला, आई कामाला, काका नव्या शहरात फ्लॅटवर. ओट्यावर उरले कोण, तर ज्यांना सांभाळायचं तेच दोघं, आजी आणि बाळ. आणि त्या दोघांना सांभाळायला मधल्या वयाचं एक पोर.

आता तो कागद काढा. वरचं नाव आणि खालचं नाव बघा. ही दोन्ही माणसं बहुधा अशी असतील की ज्यांना कुणाची तरी मदत लागते. मधली माणसं मदत देणारी. आता विचार करा, वरच्याची सोय गावाने नीट केली नाही तर ते काम कुणाच्या अंगावर पडेल? खालच्याची केली नाही तर? दहापैकी आठ घरांत बोट एकतर आईच्या नावावर जाईल, नाहीतर घरातल्या मोठ्या मुलीच्या. एका वयाची सोय राहिली की तिचं बिल घरातल्या दुसऱ्या वयाला भरावं लागतं. आजीचं डोळ्यांचं औषध गावात मिळत नाही, म्हणून नातीचा मंगळवार बुडतो.

ही सोय करायची कुणी? कायद्याने पाहिलं तर गावात त्यासाठी एक सोडून चार-पाच समित्या आहेत. जासई असो की तुमचं गाव, व्यवस्था साधारण सारखीच.

सगळ्यांत धाकट्यांपासून सुरू करू. अंगणवाडी तुम्हाला माहीत आहे, तुमच्यातले बरेच जण तिथली खिचडी खाऊनच मोठे झाले. ही योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला देशात फक्त ३३ ठिकाणी सुरू झाली होती. त्यांत आपल्या मेळघाटातलं धारणी होतं. आज साधारण ४०० ते ८०० वस्तीमागे एक अंगणवाडी असा हिशेब धरतात. सेविकाताई बाळाचं वजन करतात, लसीची आठवण करून देतात, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम जेवण मिळतं. काम मोलाचं आहे, शंकाच नाही. पण दुपार झाली की अंगणवाडी बंद होते आणि आईची पाळी सुटते संध्याकाळी. मधल्या तासांचं काय? अलीकडे काही अंगणवाड्यांना जोडून पाळणाघर चालवायची 'पाळणा' नावाची योजना आली आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. आमच्या ताईला हे असं काही मिळालं असतं तर, असं माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. आणि मुलांनो, ऐका, आपल्या राज्याने २०१० साली काढलेल्या आदेशात दोन विद्यार्थीही घ्यायला सांगितले होते, त्यांत किमान एक मुलगी. तुमच्या शाळेत ते दोघं कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे का? गुरुजींना विचारा. रागावणार नाहीत. रागावले तर समजा की प्रश्न बरोबर होता.

आरोग्याची, पाण्याची, स्वच्छतेची मिळून एक समिती असते, तिचं नाव इतकं लांब आहे की ते लिहिण्यातच माझी ओळ संपेल. आशाताई तिच्याशी जोडलेल्या असतात. या समितीसाठी मूळ आखणीत वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत खुला निधी ठरला होता, म्हणजे गावाने स्वतः ठरवून खर्चायचा. रक्कम लहान आहे. पण त्यातून वजनकाटा दुरुस्त होतो, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला गाडी करता येते. तरीही काही ठिकाणी हे पैसे वर्ष संपलं तरी तसेच पडून राहतात, कारण बैठकच झालेली नसते.

आणि आजी-आजोबा? त्यांच्यासाठीची समिती गावात नाही, ती तालुक्याला. १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे. ६५ वर्षांवरच्या गरीब म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. नाव बघा किती छान! या योजनांत नाव घ्यायचं की नाही ते ठरवायला तालुक्याची समिती असते, तहसीलदार तिचे सचिव. २०२३ साली महिन्याची रक्कम १००० वरून १५०० रुपये झाली. पण त्यासाठी घराचं उत्पन्न किती कमी असावं? कितीतरी वर्षं ही मर्यादा वर्षाला २१,००० रुपये होती. भागाकार करा. महिन्याला १७५०. एवढ्यात एक घर कसं चालेल, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. म्हणजे जे अगदीच गरीब आहेत ते नियमात बसतात, आणि जे नुसते गरीब आहेत ते बाहेर राहतात.

त्यातून वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे "मी जिवंत आहे" असं लिहून द्यायचं. माझ्या ओळखीच्या एका आजींना हे प्रथम कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी स्वतः समोर उभी आहे, आणखी कसला दाखला?" हसू येतं, पण नियमाचंही कारण आहे, माणूस गेल्यावर त्याच्या नावावर दुसऱ्यानेच पैसे उचलू नयेत म्हणून तो आहे. फक्त, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यासाठी कचेरीपर्यंत जावं लागतं, तेव्हा सोबत जायला कुणीतरी लागतं. आणि सोबत कोण जातं ते आता तुम्हाला सांगायला नको.

गंमत अशी की या सगळ्या समित्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोलीत बसतात. एक बाळ बघते, एक शाळा, एक आजारपण, एक म्हातारपण. पण घरात तर ही चारी माणसं एकाच ओट्यावर बसलेली असतात! शाळेच्या समितीला दिसतं की मुलीची हजेरी कमी आहे. ती म्हणते, पालकांनी लक्ष द्यावं. आजीच्या डोळ्यांचा विषय तिच्या वहीत नसतो.

जपानमध्ये यावर एक जुना उपाय आहे. तिथे ओकायामा नावाच्या भागात १९१७ साली एक पद्धत सुरू झाली, ती पुढे देशभर पसरली. गल्लीतलाच एखादा विश्वासू माणूस तीन वर्षांसाठी नेमतात. त्याला पगार नसतो. तो आपल्या भागातल्या घरांत जातो, एकट्या राहणाऱ्या आजोबांची चौकशी करतो, आणि तोच माणूस त्या भागातल्या मुलांचाही पालक-मित्र असतो. म्हाताऱ्यांसाठी वेगळा आणि मुलांसाठी वेगळा असं नाही. अशी दोन लाखांहून जास्त माणसं तिथे काम करतात. आता तिथेही नव्या पिढीतले लोक या कामाला तयार होत नाहीत, अशी ओरड आहे म्हणा. पण कल्पना आपल्या ओट्याच्या किती जवळची आहे!

आपल्याकडे सगळी वयं एकत्र बसण्याची एकच जागा कायद्यात आहे, ती म्हणजे ग्रामसभा. वर्षातून निदान चार व्हायला हव्यात. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या. त्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकांसाठी, ५ टक्के अपंग व्यक्तींसाठी खर्चावेत असंही ठरलेलं आहे. सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी ती हजर हवी. नसली तर सभा तहकूब होते. आणि इथेच मेख आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला हजेरीची अट राहत नाही. मग बारा-पंधरा माणसं बसतात आणि गावाचं वर्ष ठरवून उठतात. त्या बारा-पंधरांत मांडीवर बाळ असलेली आई नसते, गुडघे धरून बसलेले आजोबा नसतात. साहजिकच गटार आणि कमान मंजूर होते. कमानीला माझा विरोध नाही. पण कमानीखालून जाणारी मुलगी शाळेत चालली आहे की औषधाला, हेही कुणीतरी विचारायला हवं ना?

तुम्हाला ग्रामसभेत मत नाही, अठरा वर्षं व्हायची आहेत. पण बऱ्याच गावांत सभेआधी बालसभा घेतात. तुमच्याकडे घेत नसतील तर आपला प्रश्न कागदावर लिहा आणि महिलांच्या सभेला जाणाऱ्या आईच्या किंवा आजीच्या हाती द्या. प्रश्न लहान असावा, "गावाचा विकास कधी होणार" असला नको. "महिन्यातून एक दिवस डोळ्यांचे आणि रक्तदाबाचे डॉक्टर आपल्या गावात बसतील का?" "अंगणवाडीतलं पाळणाघर आपल्याकडे का नाही?" "हयातीचे दाखले घ्यायला बँकेचा माणूस एक दिवस पंचायतीत येईल का?" असे प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायचे. इतिवृत्त म्हणजे सभेची वही. वहीत आलेल्या प्रश्नाला पुढच्या सभेत उत्तर द्यावं लागतं, निदान टाळताना तरी जड जातं.

पालकांसाठी दोन आकडे लिहून ठेवतो, कॅलेंडरवर मांडून ठेवा. कुठल्याही मुलाला मदत लागली तर १०९८. ज्येष्ठांसाठी १४५६७. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

हो, ताईचं सांगायचं राहिलं. आजोबा गेल्यावर, धाकटा शाळेत जायला लागल्यावर, लग्न होऊन दोन मुलं झाल्यावर तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावी दिली. गणितात काठावर पास झाली. त्या निकालाचा कागद तिने फ्रेम करून लावलाय, माझ्या पदवीचा कागद कुठे आहे ते मलाही आठवत नाही. आता ती तिच्या सासरच्या गावात ग्रामसभेला न चुकता जाते. सुरुवातीला तिला मागे बसवत. आता ती पुढच्या चटईवर बसते आणि मागचं इतिवृत्त वाचून झालं की पहिला हात तिचाच वर असतो. तिचा प्रश्न दर वेळी एकच. "या तीन महिन्यांत आपल्या गावातल्या किती मुलींचे किती दिवस घरी बसण्यात गेले, ते आधी सांगा. मग बाकीचं." पहिल्यांदा सगळे हसले होते. दुसऱ्यांदा ग्रामसेवक म्हणाले, माहिती नाही. तिसऱ्यांदा मुख्याध्यापक स्वतः हजेरीपट घेऊन आले.

त्या हजेरीपटात काय निघालं आणि मग गावाने काय केलं, ते पुढच्या आठवड्यात सांगतो. तोवर तुमचा तो कागद फेकू नका. त्यावर प्रत्येक नावापुढे आणखी एक गोष्ट लिहा: या माणसाला कुणाची मदत लागते आणि ती कोण करतं. आणि मदत करणाऱ्याचं त्यामुळे काय बुडतं. लिहून झालं की मला पत्राने पाठवा, वय आणि इयत्ता लिहायला विसरू नका. गावाचं नाव लिहिलंत तर फारच छान.